आठवं घर, माझ्या नावावर

३ फेब्रु. ७४
इस्पितळातली सकाळची ड्यूटी संपवून होटगी रोडला गेले. अप्पा कंत्राटदारांनी बांधलेली आठ घरांची रांग. सात विकली, आठवं अजून त्यांच्याच नावावर. दहा वर्षं रिकामं, भाडेकरूसुद्धा ठेवला नाही. रोज संध्याकाळी येतात, झाडतात, कुलूप लावून जातात. विकत मागितलं. "न्हाय बाई. लई जण येऊन गेले." तरी आतून बघू दिलं. दोन खोल्या, स्वयंपाकघर, गच्चीचा जिना, मागे लिंब. मला हवंच.

१० फेब्रु.
पुन्हा गेले. अप्पा म्हणाले, "कसं वाटलं? खरं सांगा." सांगून टाकलं. स्वयंपाकघराचा कोपरा वाकडा. मोरीचं पाणी उलटं उंबऱ्याकडे येतं. जिन्याची तिसरी पायरी उंच. वाटलं, संपलं आता. तर म्हातारा हसायलाच लागला!
"रांगेत आठवं, पण बांधलेलं माजं पयलं घर हाय हे. हितंच चुकत चुकत शिकलो. लोक वा वा करत्यात, मला लाज वाटती. कुणाच्या गळ्यात बांधू? चुका बघून बी पायजे तुमाला?"
"पाहिजे."
"मग घ्या की!"
घरी चालत आले. रिक्षाचं सुचलंच नाही.

२१ फेब्रु.
मोडनिंबहून दादाचं पत्र. "एकट्या बाईच्या नावावर घर शोभत नाही, आधी माझं नाव घाल." आईचंही हेच म्हणणं, म्हणे. अठरा वर्षं लोकांची बाळंतपणं केली, घरमालकिणीच्या धाकात एका खोलीत राहिले. तेव्हा शोभत होतं का... जाऊ दे. उत्तर लिहिलं नाही.

४ मार्च
खरेदीखत झालं!! कचेरीत कारकून म्हणाला, "नवऱ्याचं नाव?" म्हटलं, लग्न केलेलं नाही. "मग भाऊ कुठंय?" मी तोंड उघडायच्या आत अप्पा कडाडले, "घर ह्या घेत्यात, भाऊ न्हाय. लिवा की!" मग त्याने वडिलांचं नाव लिहिलं, माझ्या नावापुढे. मी सही केली.
किल्ली देताना अप्पा म्हणाले, "परमिटवर सिमेंट मिळालं की मोरी नीट करून देतो." म्हटलं, कराच.

१० मार्च
राहायला आले. वॉर्डातल्या तिघीजणी मदतीला. टांग्यातून सामान. दिवसभर खिदळणं. एकीने पाटी रंगवून आणली होती. नुसतं माझं नाव, खाली 'नर्स'. दाराला ठोकली. समोरचे लोक वाचायला थांबत होते. थांबू देत.

१७ मार्च
दुपारी आई आली. मोडनिंबहून एसटीने, एकटी, ट्रंक घेऊन. मी घाबरलेच.
"दादा कुठंय?"
"त्याला सांगितलंच न्हाय."
पाटीवर बोट ठेवलं. "काय लिवलंय?" तिला वाचता येत नाही. वाचून दाखवलं.
"परत वाच."
परत वाचलं. मग पदर खोचून ट्रंक स्वतःच आत ओढली. किती दिवसांसाठी, मी विचारलं नाही. एकदोन दिवसांत तिला शोधत दादा येईलच. येऊ दे.