अर्धी मात्रा

गोंदिया, ११ मार्च २००७

प्रिय बाबा,

आई म्हणाली, गुडघा दुखतो तरी तुम्ही रोज दरेकसा स्टेशनापर्यंत फिरून येता. जपून जा. फोनवर आपण दोघं तब्येत आणि हवापाणी यापलीकडे जात नाही, म्हणून हे पत्र.

मी गिटार शिकतोय हे आईने सांगितलंच असेल. तेहेतिसाव्या वर्षी हे खूळ! ऑफिसातला देवेंद्र बदलीवर जाताना स्वतःची गिटार आणि एका पुस्तकाची झेरॉक्स माझ्याकडे ठेवून गेला. अमेरिकेतल्या काळ्या शेतमजुरांची सत्तर-ऐंशी वर्षांपूर्वीची गाणी आहेत, ब्लूज म्हणतात त्यांना. जुन्या रेकॉर्ड ऐकून कुणीतरी एकेक सूर जसाच्या तसा उतरवलाय. सहा तारांच्या सहा रेघा, रेघेवर आकडा. आकडा सांगेल दांडीवरच्या त्या घरात बोट दाबायचं. अंगठ्याने ठेका धरायचा, बाकीच्या बोटांनी गायचं. माझा अंगठा आणि बोटं महिनाभर सवतींसारखी भांडत होती.

तर गंमत ऐका. एका गाण्याच्या तिसऱ्या ओळीत अर्धी मात्रा कमी होती. मला वाटलं, छापणाऱ्याची चूक. माझा स्वभाव तुम्हाला ठाऊकच आहे. लाल पेनने मी ती भरून टाकली आणि दोन महिने तसंच घोटलं. वाजायचं अगदी मापात, तरी अळणी. मग देवेंद्रने मूळ रेकॉर्डची सीडी पाठवली. ते गाणारा म्हातारा खरोखरच अर्धी मात्रा सोडतो, दर कडव्याला, त्याच जागी. लिहिणाऱ्याने त्याला सुधारलं नव्हतं, वाजवलं तसं लिहिलं होतं.

सीडी बंद केली आणि मला तुमची खंजेरी आठवली. नव्व्याण्णव सालची जयंती. मी तबल्याच्या दोन परीक्षा देऊन शहाणा झालेलो. तुम्ही स्वतः रचलेलं भीमगीत म्हणत होतात, आणि मी भर मांडवात माइकवरून म्हणालो, "बाबा, मात्रा खाऊन राहिले ना तुमी!" लोक हसले. तुम्ही खंजेरी माझ्यापुढे ठेवली आणि "मंग तूच म्हन," एवढंच बोललात. त्यानंतर तुम्हाला गाताना कुणी ऐकलं नाही.

परवा आईला विचारलं, बाबा ती मात्रा काऊन सोडायचे? ती म्हणाली, "धानाच्या रोवण्यातली चाल आहे ते. बाया ओळ पुरी होऊ देतेत का? मधातच उचलतेत." म्हणजे तुम्ही मात्रा खात नव्हतात, मागून ओळ उचलणाऱ्या बायांना जागा देत होतात. आणि नेमकं तिथेच मी तुम्हाला अडवलं. चुकलो, बाबा. चूक सगळ्या गावासमोर केली आणि कबुली बंद पाकिटात देतोय, याचीही लाज वाटते.

तुमचं गाणं मी त्याच पुस्तकासारखं सहा रेघांवर उतरवायला घेतलंय, काहीही न सुधारता. तीन कडवी झाली. चौथं मला आठवत नाही, आईला अर्धंच येतं, आणि कॅसेट आपण कधी केली नाही. ते आता फक्त तुमच्याजवळ आहे. रविवारी सकाळच्या पॅसेंजरने गिटार घेऊन येतो. जयंतीला मांडवात गायचं की नाही ते तुम्ही ठरवा, मी त्यात पडणार नाही. आपल्या अंगणात एकदा म्हणा. तुम्ही फक्त सुरुवात करा. ओळ पुरी व्हायच्या आधी मी उचलतो.

तुमचाच,
संघदीप