मुरब्याचा ठिपका

मुरबे, ६ फेब्रुवारी २०२५

चि. रिद्धीस अनेक आशीर्वाद.

फोन सोडून पत्र लिहितोय, कारण कंपनीत सुपरवायझर येताजाता आमचे फोन मागून बघतो. डेटा पत्रकारितेच्या एम.ए.साठी केलेला तुझा नकाशा कॉलेजच्या वेबसाइटवरून त्याच्यापर्यंत पोचलाय. कंपनीतल्या टाकीजवळ वायू गळतो, छाती भरून येते, असं ज्या कामगारांनी तुला सांगितलं त्यांच्या घरांच्या जागी तू ठिपके दिलेस. नावं गाळलीस, शाबास. पण पत्रकारबाई, बाकीचे सगळे बोईसरला खोली घेऊन राहतात. मुरब्याहून त्या टाकीवर जाणारा मी एकटाच. काल त्याने हसत विचारलं, मुरब्याचा कोण? मी हातमोजे चढवून कामाला लागलो. मला फार भीती वाटतेय. आय बोंबील सुकत घालतेय, तिला यातलं काही माहीत नाही. लवकर काहीतरी कर.

तुझ्यावर माया करणारा,
दादा

पुणे, ११ फेब्रुवारी

ती. दिपेशदादास सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. नाव काढलं की माणूस लपतो, असं मी धरून चालले. परीक्षेत याच विषयावर पानंच्या पानं लिहिली आणि स्वतःच्या भावालाच उघडं पाडलं. कॉलेजातल्या मॅडम म्हणाल्या, घाई करू नकोस, आधी विचार करू. मला कुठला धीर! तुझा ठिपका लगेच काढला. कुणी विचारलंच, तर नोंद चुकली होती म्हण. रागाव, पण माया कमी करू नकोस.

तुझी,
रिद्धी

मुरबे, १७ फेब्रुवारी

चि. रिद्धीस आशीर्वाद.

मॅडमचं ऐकायला हवं होतंस. सुपरवायझरने आधीच्या नकाशाचा फोटो ठेवला होता. दोन्ही शेजारी धरून दाखवले. सगळे ठिपके जागच्या जागी, फक्त मुरब्याचा गायब. मला काही विचारायची त्याला गरजच उरली नाही. नकाशाखालचं आपलं आडनाव दाखवून, बहीण शिकलेली दिसते, एवढंच म्हणाला. तेव्हापासून मला टाकीच्या मागे एकट्याला पाठवतात. तिथून हाक मारली तरी कुणाला ऐकू येत नाही.

आज आयला सगळं सांगितलं. तिने बोंबिलांची टोपली खाली ठेवली. मग म्हणाली, होडीवर कोन कोन गेलाय ते गावाला ठावं असतं, म्हणून तर होडी परतली नाय की आमी शोधाया जातो. तू नाव लपवू नको.

तेव्हा ठिपका परत ठेव. मला कुठे कामाला लावलंय तेही लिही. भीती गेलेली नाही. पण एखाद्या दिवशी मी घरी आलो नाही, तर मुरब्याच्या लोकांना मला कुठे शोधायचं ते कळायला हवं.

आयला फोन करत जा. आणि ठिपक्याशी माझं नाव पूर्ण घाल.

तुझा दादा,
दिपेश रामू तांडेल