मामाजींना समजत होतं

दुसरबीड,
५ नोव्हेंबर २०२४

प्रिय प्रेरणाताई,

सप्रेम नमस्कार. फराळ पोचल्याचं कळलं. चकल्या जरा कडक झाल्या, सांभाळून घ्या. सोयाबीन निघालं, हरभरा पेरून झाला. छकुलीचे पाढे बाराच्या पुढे सरकत नाहीत.

पुढचं, तुमच्या बाबांबद्दलचं, मला फोनवर सांगता आलं नसतं. मी ऐनवेळी बोलणं फिरवते, हे तुम्हाला माहीत आहे.

गेल्या महिन्यात मामाजींना जालन्याला नेलं. मार्चमध्ये लकवा मारल्यापासून त्यांच्या तोंडून 'तेच, तेच' एवढंच निघतं. पाणी हवं तरी तेच, दुखलं तरी तेच. चाळीस वर्षं दारं-चौकटी करणारा मिस्त्री माणूस, पण आपण धरूनच चाललो की डोकं गेलं.

तिथं बोलण्यावर उपचार करणाऱ्या बाईंनी त्यांच्यापुढे चित्रांची कोडी ठेवली. नक्षीतला एक तुकडा नसतो, तो खालच्या सहांतून शोधायचा. मामाजींनी डाव्या हाताचं बोट ठेवत बारांपैकी अकरा बरोबर सोडवली. मी सातव्यालाच अडकले होते.

बाई म्हणाल्या, "मेंदूच्या डाव्या बाजूचा, शब्द बाहेर काढणारा भाग दुखावलाय. विचार करायला मेंदूचे दुसरे भाग मिळून काम करतात. ते शाबूत दिसतात. आपलं बोलणंही यांना बरंचसं समजतं."

तुमचे भाऊ तिथंच रडले, आनंदानं. मला मात्र एसटीत घरापर्यंत राखीचा दिवस आठवत राहिला.

ताई, राखीला तुमचा फोन आला तेव्हा मी मामाजींच्या खाटेवरच बसले होते. स्पीकर चालू होता. मी म्हटलं होतं, "नुसता ओंडका होऊन पडले हो मामाजी. आता सुटले त बरं, त्यायचंही अन् माझंही." आणि तुम्ही म्हणालात, "हाव वहिनी, मलेही असंच वाटते."

घरी आल्यावर मी विचारलंच. "मामाजी, राखीच्या दिवशीचं आमचं बोलणं ऐकलं होतं तुम्ही?"

त्यांनी मान हलवली. हाव.

"मले माफ करा" म्हटलं, तर त्यांनी भिंतीकडे तोंड केलं. दोन दिवस माझ्या हातचा घास घेतला नाही, छकुलीच्या हातचा घेतला.

तिसऱ्या दिवशी त्यांनी छकुलीची पाटी मागून घेतली आणि डाव्या हातानं चित्र काढलं. खाट, तिच्याशेजारी जमिनीत रोवलेला खांब, खांबाला आडवी दांडी. बाजूला कमरेत वाकलेली बाई, आणि तिच्यावर मोठी फुली. रोज बगलेत हात घालून त्यांना उठवताना माझी कंबर गेली, ती कुरकुर मी त्यांच्यासमोरच करत होते. सात-आठ महिने पडल्या पडल्या ते त्यावर विचार करत होते, ताई.

तुमच्या भावानं खांब रोवला. दांडी बोटभर खाली बसली, तर मामाजी "तेच! तेच!" करून ओरडले. माप चुकलं होतं. नीट केल्यावर काल ते दांडी धरून स्वतःच उठून बसले.

त्यांनी मला माफ केलं का, मला माहीत नाही. विचारायची हिंमतही होत नाही. तुम्ही एकदा या, आणि त्यांच्याशी बोला.

हे पत्र त्यांना वाचून दाखवलं. राखीच्या दिवसापाशी मी थांबले, तेव्हा त्यांनी हातानं 'पुढे वाच' अशी खूण केली. खालची वाकडी रेघ त्यांची सही आहे.

तुमची वहिनी,
समता