कुंकू लागलेलं रीळ

अप्पा,

तुमची रेकॉर्ड आली. जेवणाच्या ताटाएवढी, काळी कुळकुळीत, आणि कव्हरवर तुम्ही चौघं मित्र मामाच्या विहिरीच्या कठड्यावर बसलेले. केसांना इतकं तेल की फोटोतही चमकतंय. मागे इंग्रजीत तुमचं कौतुक छापलंय, की समुद्रापासून लांब, द्राक्षांच्या मुलखात वाजवलेलं अस्सल सर्फ संगीत. म्हणजे ते अमेरिकेतल्या पोरांचं, फळीवर उभं राहून लाटेवरून घसरणाऱ्यांचं. शब्द नाहीत, नुसती गिटार, आणि आवाज सगळा ओला, घुमणारा. तुम्ही ते रेडिओवर ऐकून उचललंत. आणि स्वतः? रामकुंडावर गोदावरीला कधी गुडघ्याच्या वर चढू दिलं नाहीत. लाटा म्हणे!

तो घुमणारा आवाज काढायचं यंत्र तुम्हा चौघांना बापजन्मी परवडलं नसतं. पण ओझरच्या कारखान्यात विमानं जोडणारी माणसं तुम्ही, अडून थोडीच बसणार? मला तो रविवार दिसतो. आईच्या माहेरी, निफाडकडच्या मळ्यात आपण आलोय. विहिरीचं पाणी तळाला गेलंय. मोटारीच्या खोलीतून वीज घेतलीय, एका दोराने स्पीकर खाली सोडलाय, दुसऱ्या दोराने माइक, आणि तुम्ही वर बाभळीच्या सावलीत गिटार वाजवताय. आवाज खाली जातो, दगडांवर आपटतो आणि घुमत घुमत टेपमध्ये शिरतो. विहिरीतले पारवे चिडलेत. मी फ्रॉकच्या ओच्यात द्राक्षं घेऊन खातेय. आई चहाची किटली घेऊन येते, विहिरीत डोकावते आणि म्हणते, "अगं बाई, दोर तुटला तर काय पाणी वाजवणार हाय का?" तुम्ही हसता आणि वाजवतच राहता. शेवटी टेप संपली की रीळ जसं असेल तसं उचलून डब्यात. उलटं गुंडाळून पुन्हा सुरुवातीला आणून ठेवायचं नावच नाही. त्यावरून आईची बोलणी मी जन्मभर ऐकली. "एक काम पुरं करतील तर शपथ!"

खंडेनवमीला तुम्ही पाटावर हत्यारं म्हणून पाने, पक्कड आणि गिटार मांडायचात, आणि आई हळूच शेजारी ते रीळ ठेवायची. पुढे टेपरेकॉर्डर बिघडला तो बिघडलाच. गिटार तुम्ही हौसेने मित्राला देऊन टाकलीत. मग तुम्हीच गेलात. घरात तुमच्या वाजवण्याचं म्हणून ते रीळ तेवढं उरलं, आणि आईने त्याची पूजा सोडली नाही. विधवेने कुंकवाच्या करंड्याला हात कसा लावावा, म्हणून बायका कुजबुजल्या. तिने एकीलाही जुमानलं नाही. दर खंडेनवमीला डबा उघडायचा, पाण्याचं बोट फिरवायचं, हळद-कुंकू, अक्षता, झेंडूचं फूल. मी एकदा म्हणाले, "आई, डब्यावर लाव की." तर फणकारली, "खोक्याची कसली पूजा? पूजा वस्तूची असते."

मग तुमच्या ड्रमवाल्या मित्राच्या मुलाकडून आपला नंबर मिळवून रेकॉर्ड कंपनीच्या माणसाचा फोन आला. कुठेकुठे पडून राहिलेलं हे असलं जुनं संगीत ते शोधतात आणि पुन्हा रेकॉर्डवर काढतात. मूळ रीळ आहे का? आहे की, मी मोठ्या तोऱ्यात सांगितलं. फोटो पाठवा म्हणाला. फोटोसाठी डबा उघडला तेव्हा मी ते रीळ पहिल्यांदा नीट पाहिलं. कड लालभडक. वरचे वेढे एकमेकांना असे चिकटलेले की नखानेही सुटेनात. फोटो पाहून त्या माणसाने जरा घाबरतच विचारलं, हे रक्त आहे का? म्हटलं, नाही हो, कुंकू आहे.

आई दारातच उभी होती. तिने सगळं ऐकलं. पलंगावर बसली आणि म्हणाली, "माझ्याच हाताने वाटोळं केलं का गं मी?" मी नाही नाही म्हणत राहिले, पण माझ्या आवाजातच दम नव्हता. त्या दिवसापासून तिचं जेवणात लक्ष लागेना. देवापाशी दिवा लावायची, पण करंडा फडताळात मागे सारून ठेवला तो ठेवलाच. अप्पा, मला तुमच्या संगीताची नाही, तिची भीती वाटायला लागली. जगाशी भांडून जपलेली गोष्ट जपण्यानेच गेली, हे घेऊन तिने उरलेले दिवस कसे काढायचे?

पुण्याला एक गृहस्थ जुन्या टेपा सोडवून देतात. रीळ मांडीवर घेऊन मी त्यांच्याकडे गेले. त्यांनी भिंगातून पाहिलं, आणि एवढंच विचारलं, "हे उलटं गुंडाळून ठेवलेलं नाही ना?"

"नाही. आमचे वडील आळशी होते."

ते हसायला लागले. "बरं झालं मग. गुंडाळलं असतं तर सुरुवात बाहेर आली असती. आता बाहेर आहे तो शेवट, आणि तिथे बहुतेक कोरीच टेप असते. आतलं शाबूत असणार." चिकटलेले वेढे त्यांनी अलगद सोडवले, जे सुटेनात ते कापले, आणि मशीन फिरवलं. आधी पारवे घुमले. मग तुमची गिटार विहिरीच्या तळातून वर आली. माझा जीव असा भांड्यात पडला, अप्पा, की मी त्या परक्या माणसासमोर ढसाढसा रडले आणि रडता रडताच हसत सुटले. त्यांनी विचारलं, पारव्यांचा आवाज काढून टाकायचा का? खबरदार, म्हटलं.

तिथूनच आईला फोन लावला. "वाचलं आई, सगळं वाचलं. अप्पांनी रीळ उलटं गुंडाळलं नव्हतं ना, म्हणून." पलीकडून ती नाक ओढत म्हणाली, "आणि मी मेली जन्मभर त्याच्यावरूनच बोलले की त्यांना!" घरी आले तर करंडा पुन्हा देवापाशी, आणि बाई दूध-भाकरी कुस्करून जेवत बसलेल्या.

आता रोज दुपारी आई मला रेकॉर्ड लावायला लावते. शेवटची धून हळूहळू बारीक होत विरून जाते. आई मान डोलावते, "बघ, दोर वर ओढून घ्यावा तसं संपवलंय." मी हो म्हणते. हे पत्र कव्हरमध्ये ठेवणार होते, पण कव्हर ती रोज काढून पदराने पुसते, म्हणून पत्र माझ्यापाशीच राहील. कारण सगळं वाचलं नाही, अप्पा. त्या धुनेचा शेवट कुंकवाबरोबर गेला. आहे तिथपर्यंत नेऊन कंपनीने आवाज बारीक केलाय. तुम्ही ती खरी कशी संपवली होती हे मला आठवत नाही, आणि आईला विचारायची सोय नाही. पुढेमागे तुमची तिची गाठ पडेल आणि ती विषय काढेलच. तेव्हा तुम्हीही म्हणा, हो, दोर ओढल्यासारखीच संपवली होती.