बाटलीत जिवंत काहीच नव्हते

मी, अनुराधा कुंथुनाथ मगदूम, वय त्रेपन्न, अविवाहित, मूळ गाव निपाणी, सध्या राहणार अनगोळ, बेळगाव, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहून ठेवते. येत्या सोमवारी माझ्या डोक्यातली गाठ काढायची आहे. मी पूर्ण शुद्धीवर असल्याचा मेंदूच्या डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. ‘कोणाच्याही दडपणाला बळी न पडता’ असे लिहा, असे माझे वकील आण्णाप्पा खोत यांनी सांगितले. दडपण आहे. बळी पडलेले नाही. नोंदणीसाठी कन्नड भाषांतर जोडले आहे. वाद झाला तर हा मराठी मजकूर खरा धरावा. मृत्युपत्राची अंमलबजावणी खोत वकिलांनी करावी.

१. अनगोळचे घर माझा धाकटा भाऊ गोमटेश याची मुलगी प्रियदर्शनी हिला द्यावे. तिच्या एकटीच्या नावावर. तिच्या वडिलांनी त्यात दवाखाना, दुकान किंवा गोदाम करू नये.

२. बँकेतली शिल्लक माझ्या दवापाण्यातून उरली तर तीही तिलाच, शिक्षणासाठी.

३. माझ्या प्रयोगांच्या बावीस वह्या मी चोवीस वर्षे जिथे काम केले त्या संशोधन केंद्राला द्याव्यात. त्यांतले एक पानही गोमटेशच्या हाती पडू नये. कारण सांगते.

केसाच्या मुळाशी एक बारीक फुगवटा असतो. स्टेम सेल, म्हणजे ज्यांच्यापासून केस पुन्हा घडतो त्या पेशी, तिथे राहतात. चाई पडून केस गेले तरी बहुतेकांच्या या पेशी मरत नाहीत, नुसत्या थांबून राहतात. त्यांना पुन्हा कामाला कसे लावायचे, हे आम्ही शोधत होतो. उंदरांच्या पाठीवर केस आले. माणसाच्या डोक्यावर आमच्या पद्धतीने एकही केस आलेला नाही. हे वाक्य येत्या गुरुवारी जिल्ह्याच्या समितीपुढे होणाऱ्या सुनावणीत जसेच्या तसे वाचावे.

मला स्वतःला एकोणिसाव्या वर्षी चाई पडली. दोन महिन्यांत डोके, भुवया, पापण्या, सगळे गेले. ठरलेले लग्न मोडले. निपाणीच्या बसस्थानकावर एकाने माझा स्कार्फ ओढला, तेव्हा चौदा वर्षांचा गोमटेश त्याच्या अंगावर धावून गेला आणि पुढचा दात तुटेपर्यंत मार खाऊन आला. ते मी विसरले नाही. म्हणूनच पुढे गप्प बसले.

एकोणपन्नासाव्या वर्षी त्वचेच्या डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्यांनी माझे केस परत आले. गोळ्यांनी; स्टेम सेलनी नव्हे. गोमटेशने हौसेने फोटो काढले. मी हसून काढू दिले. वर्षभराने निपाणीत त्याच्या औषधांच्या दुकानावर ‘स्टेम सेल केस उपचार’ असा बोर्ड लागला. त्यावर माझे दोन फोटो, एक टकलाचा, एक केसांचा, आणि खाली ‘संशोधिका अनुराधा मगदूम यांची पद्धत’.

मी म्हणाले, “आजच्या आज उतरव.”

“आक्का, चार महिनं ऱ्हाऊ दे की. लोक लई विचारत्यात. सुई टोचायला माणूस ठेवलाय, मी काय हात लावत न्हाय.”

मी बेळगावला परतले. तक्रार केली नाही. आठ महिने केली नाही. ही चूक माझी आहे आणि ती कोणी झाकू नये.

४. नवव्या महिन्यात उचगावच्या रवळू पावशे यांची मुलगी रचना माझ्या दारात आली. वय तेवीस, बालवाडीत शिकवते. डोक्याला ओढणी घट्ट बांधलेली. बोर्डावरचा फोटो बघून तिने माझा पत्ता शोधला होता. आत येऊन बसायच्या आधीच तिने विचारले, “मॅडम, तुमाला पण असाच पू झालता काय? कधी बरा झाला?”

तिने ओढणी सोडली. चाईचे तीन चट्टे होते, थोडा धीर धरला असता तर बहुधा आपोआप भरून आले असते. त्यांच्या जागी आता चकचकीत, ओढलेली कातडी होती. त्या कातडीला छिद्रेच उरली नव्हती. आमच्या केंद्रातल्या डॉक्टरांनी तुकडा काढून तपासला. फुगवटे नाहीत, पेशी नाहीत, नुसता व्रण. तिथे आता केस येणार नाही, हे तिला मीच सांगितले. ती म्हणाली, “पण तुमचे आलेत की.”

गोमटेशच्या दुकानात दोनदा सुया घेतल्यावर तिसऱ्या वेळेसाठी दिलेली बाटली तिने घरच्या फ्रिजमध्ये ठेवली होती. तीच बाटली मी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली. तिच्यात माणसाची एकही जिवंत पेशी नव्हती. नंतरच्या तपासणीत जंतू मात्र भरपूर सापडले. दवाखान्यांवर देखरेख ठेवणाऱ्या जिल्ह्याच्या समितीकडे मी तक्रार केली. तेव्हा समितीने मला गोमटेशने सादर केलेले एक संमतीपत्र दाखवले. ‘उपचार माझ्या देखरेखीखाली होतो’ असा मजकूर होता आणि खाली माझी सही होती. मी ती कधीच केलेली नाही.

५. परवा रविवारी सकाळी गोमटेश घरी आला. सोबत टाइप केलेला कागद. ती सही माझीच, असे मी मान्य करायचे.

“सही कर गं आक्का. तुला कोण काय करतंय? आजारी बाई हाईस. मी मातर आत जाईन.”

“त्या पोरीचं काय?”

“तिला मी बघतो.”

“काय बघतोस? तिथं काही उरलेलंच नाही.”

तो बराच वेळ कागदाची घडी घालत बसला. मग माझ्याकडे न बघता म्हणाला, “मग गुरुवारी सांगावं लागंल, आक्काच्या डोक्यात गाठ हाय, ती काय बी बोलती. डाक्टरचं कागद हाईत. तुझं कोण खरं मानंल?”

जाताना चप्पल घालायला त्याला वेळ लागला.

म्हणून मी सुनावणीआधी हे लिहीत आहे. गुरुवारी मला बोलता आले नाही, किंवा सोमवारनंतर मी उरले नाही, तर वरील कलम तीन, चार आणि पाच माझी जबानी समजून खोत वकिलांनी समितीपुढे ठेवावीत.

६. रचनाला मी काहीही देत नाही. घर तिलाच द्यायचे मनात होते. वकील म्हणाले, दिलेत तर साक्ष विकत घेतली म्हणतील. म्हणून हात आखडला आहे. तिने गैरसमज करून घेऊ नये.

७. माझा सूक्ष्मदर्शक निपाणीच्या माझ्या शाळेला. मुलांनी हाताळला तर ओरडू नये.

८. माझ्या लग्नाची बोलणी पुन्हा सुरू व्हावीत म्हणून आमची आई तारामती हिने स्वतःची वेणी कापून कोल्हापुरात माझ्यासाठी टोप करून घेतला होता. तीस वर्षे मी तो घातला. तो गोमटेशला द्यावा. आईचे केस आहेत, हे त्याला सांगायची गरज नाही.

९. मी गेल्यास डोक्याची कातडी आधी संशोधन केंद्राला द्यावी, मग दहन करावे. कार्यात कोणी ‘बिचारी’ म्हणू नये.

स्थळ: बेळगाव. दिनांक १० फेब्रुवारी २०२६.
सही: अनुराधा कुंथुनाथ मगदूम
साक्षीदार: १) जयाबाई भरमू चौगुले, अनगोळ २) नागुबाई सांबरेकर, अनगोळ

पुरवणी

काल गुरुवारी सुनावणी झाली. कामकाज कन्नडात चालले. गोमटेशच्या वकिलांनी माझ्या गाठीचे कागद पुढे केले. अधिकारीबाईंनी मला केसाच्या मुळाची घडण सांगायला लावली. मी सांगितली. त्यांनी कागद बाजूला ठेवले.

मग रचना उठली. कोणी सांगितले नव्हते. भरल्या खोलीत तिने ओढणी काढली, गोमटेशसमोर जाऊन मान खाली केली आणि मराठीत म्हणाली, “हात लावून बघा.”

त्याने हात लावला नाही. त्याचे वकील काहीतरी कुजबुजत होते. त्यांना थांबवून तो म्हणाला, “सही मी केलती. आक्काची न्हाय ती.”

दवाखान्याला सील लागले. त्याच्यावर गुन्हा दाखल होईल. सुई घेतलेल्या सदतीस जणांची यादी त्याने स्वतः लिहून दिली. त्यांतल्या कोणाच्या केसांची मुळे अजून जिवंत आहेत, हे केंद्रातल्या माझ्या सहकाऱ्यांनी तपासावे. ज्यांची आहेत त्यांना लवकर कळवावे. वरील मृत्युपत्रात दुसरा बदल नाही.

सोमवारच्या शस्त्रक्रियेच्या संमतीपत्रावर जवळच्या नातेवाइकाची सही लागते. आज सकाळी मी गोमटेशला फोन केला. सही करायला येशील का, असे विचारले. तो म्हणाला, “किती वाजता येऊ?”

स्थळ: बेळगाव. दिनांक १३ फेब्रुवारी २०२६.
सही: अनुराधा कुंथुनाथ मगदूम
साक्षीदार: १) जयाबाई भरमू चौगुले २) नागुबाई सांबरेकर