परतीचं दूध

अण्णा, येत्या रविवारी तिन्ही लेकरांना घेऊन मी नांदेडला जाणार आहे. धाकटी आठ महिन्यांची आहे, मधला चार वर्षांचा, मोठी सात वर्षांची. हिंगोलीहून सकाळच्या रेल्वेने जायचं, दिवसभर शहर बघायचं, संध्याकाळी परत यायचं. एवढ्या एका दिवसासाठी मी तीन दिवस यादी करते आहे. गरम पाण्याचा थर्मास. दुधाची पावडर तीन वेगळ्या डब्यांत, म्हणजे हलत्या गाडीत चमचे मोजावे लागणार नाहीत. डायपर, टोपडं, दोन जादा झबली, मोठ्या दोघांचे एकेक जादा कपडे, कारण मधला गोदावरीच्या घाटावर पाण्यात पाय घालणारच. धाकटीला गाडीत एकदा पाजायचं, दुपारी सावली बघून एकदा, आणि ती झोपली की तेवढ्या वेळात बाकीच्या दोघांना बागेत फिरवून आणायचं. तुमचे जावई यादी बघून म्हणाले, "एका दिवसाला चाललीस का बाळंतपणाला?" मी हसले. मग यादीसमोर वेळा लिहायला लागले आणि हात थांबला. कामाच्या पुढं वेळ लिहायची सवय तुमची होती.

बोलावलं आहे त्याने. तुमच्या धाकट्याने. ज्या मावशीनं त्याला वाढवलं, जिला तो आई म्हणायचा, ती मागच्या वर्षी गेली. तेव्हापासून तो आठवड्याला फोन करतो. आपण त्याचे कोण हे त्याला लहानपणापासून माहीत आहे, ते कुणी लपवलं नाही. पण त्याने कधी काही विचारलं नव्हतं. गेल्या आठवड्यात म्हणाला, "ताई, रविवारी ये लेकरं घेऊन. घाट दाखवतो, बाग दाखवतो. अन् एक विचारायचं हाय तुला."

"मग विचार की आत्ताच."

"फोनवर न्हाई बरं वाटत." तरी त्याने विचारलं. "मला इथं ठेवायचं कुणी ठरवलं? आईला विचारलं तर म्हणायची, ते तुझ्या ताईलाच ठाऊक. मंग मी ठेवून दिलं मनात."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"राग न्हाई गं माझा," तो म्हणाला. "तुमी सगळे जायचं-यायचं करून आलते. मीच एक शिंगल तिकिटवाला." आणि हसला. त्याचं हसणं तुमच्यासारखं आहे, आधी नाकातून येतं. मी पण हसले. म्हणाले, "रविवारी सांगते." तर रविवारी मला सांगायचं आहे. काय सांगायचं ते मला ठाऊक आहे, आणि तेच सांगता येईल की नाही, हे ठाऊक नाही.

आई गेली तेव्हा तो तीन दिवसांचा होता. मी नऊ वर्षांची, मधली पाचची. सिद्धेश्वरला धरणाच्या वसाहतीत आपलं क्वार्टर, दोन खोल्या आणि मागे मोरी. तुम्ही मला शाळा सोड असं कधी म्हणाला नाहीत. सकाळी तुम्ही ऑफिसला जायचात आणि घरात त्याला घेणारं दुसरं कोणी नव्हतं, एवढंच. चौथीच्या पोरी दप्तरं घेऊन दारावरून जायच्या तेव्हा मी त्याला कडेवर घेऊन उंबऱ्यात उभी असायची. बाटली उकळायची, रबरी बूच उलटं करून घासायचं, दूध मनगटावर टाकून बघायचं, हे तुम्ही मला एकदाच दाखवलंत. ऑफिसातलं काम नव्या माणसाला दाखवतात तसं. एकदा मी सकाळच्या उरलेल्या दुधाची बाटली दुपारी दिली. त्याला जुलाब लागले. औंढ्याच्या दवाखान्यातून परत आल्यावर तुम्ही चुलीपाशी उभे राहून म्हणालात, "तुला कळत न्हाई का? तुझ्याशिवाय कोण हाय त्याला?" एवढंच बोललात. पुन्हा कधी रागावला नाहीत. ते वाक्य मी कडेवरच्या लेकरासारखंच वागवलं, या कडेवरून त्या कडेवर.

मग नांदेडहून मावशीचं पत्र आलं. तिला लग्नाला अकरा वर्षं होऊन मूल नव्हतं. पत्र तुम्ही दोनदा वाचलंत आणि मला म्हणालात, "मावशी लेकराला मागते. एकदा जाऊन येऊ. तुमीबी नांदेड बघताल. मंग बघू."

जायच्या आदल्या संध्याकाळी तुम्ही ऑफिसच्या एका छापील कागदाच्या पाठीवर सगळं लिहून काढलंत. तो कागद आज माझ्यासमोर आहे. साडेसहा, तयार. सातची गाडी, औंढा. तिथून नांदेड. वसमतला खाली उतरायचं नाही. मधलीला लिंबू. दुपटी आठ, लंगोट बारा. दहा वाजता दूध. एक वाजता दूध. चार वाजता दूध. आणि सगळ्यात खाली: साडेपाचची गाडी. परतीचं दूध मावशीकडे उकळून घेणे, बाटली धुऊन.

हा कागद मला तुम्ही गेल्यावर सापडला, तुमच्या ट्रंकेत, नोकरीच्या कागदांखाली. तोवर सोळा वर्षं मी एक समजूत घट्ट धरून होते की सगळं आधीच ठरलं होतं. शहर दाखवायचं हे निमित्त होतं, आणि त्या दिवशी तुम्ही मला जे विचारलंत ते नुसतं विचारायचं म्हणून. त्या एका ओळीने ती समजूत गेली. परतीचं दूध. तुम्ही त्याला परत आणायची तयारी करून निघाला होता.

त्या दिवसाचं मला सगळं आठवतं. एसटीत मी खिडकीपाशी बसले आहे, तो मांडीवर. मधली वसमतच्या अलीकडे ओकते. तुम्ही रुमालाने तिचं तोंड पुसता आणि तोच रुमाल पुढे गुरुद्वाऱ्यात नळावर धुऊन तिच्या डोक्यावर बांधता. आम्ही लंगरात पंगतीला बसतो. तो माझ्या मांडीवर झोपला आहे, त्याच्या तोंडावर कढत डाळ सांडू नये म्हणून मी डाव्या हाताने त्याला झाकून उजव्या हाताने जेवते. वाढणारा म्हातारा वाकून बघतो. "बेटी, किसका बच्चा है?" मी म्हणते, "माझा." तुम्ही हसता. आई गेल्यावर मी तुम्हाला पहिल्यांदा हसताना बघते.

दुपारी मावशी बागेत आली. आल्याआल्या तिने हात पुढे केले. "दे इकडं. तू जा, खेळ जा." मी त्याला दिलं. मला वाटलं, रडेल. तो तिच्या मंगळसूत्राशी खेळायला लागला. बागेत लेकरांची छोटी रेल्वे होती. मी मधलीला घेऊन तिच्यात बसले. एकदा, दोनदा, तीनदा. मग उतरून पळाले. नुसतीच पळाले, कुठं जायचं होतं म्हणून नव्हे. माझ्या डाव्या कमरेवर नेहमी ओझं असायचं, ते नव्हतं, त्यामुळे पळताना मी एका बाजूला कलत होते. झाडाला हात लावून परत वळले तेव्हा तुम्ही बाकावरून माझ्याकडे बघत होता. त्या बघण्याचा अर्थ तेव्हा मी लावला नाही.

मावशीच्या घरी चहा झाला. तिने दूध उकळलं. बाटली तुम्ही स्वतः मोरीत जाऊन धुतलीत, दूध भरलंत, बूच लावलंत. तेवढ्यात मावशीच्या सासूबाई तांदूळ आणि नारळ घेऊन बाहेर आल्या. त्यांनी पाट मांडला. म्हणाल्या, "चांगल्या वेळंला आलात. ओटी भरून जाऊ द्या."

"अजून ठरलं न्हाई, आई," तुम्ही म्हणालात.

"त्यात काय ठरायचं? बाप्यानं लेकरू ओटीत घालू ने. आईनं घालायचं." मग माझ्याकडे बघून, "आईच्या जागी आता ही. हिच्या हातानं घाला."

तुम्ही मला मोरीकडे घेऊन गेलात. एका हातात भरलेली बाटली, तिचं पाणी अजून निथळतंय. तुम्ही खाली बसलात, माझ्या तोंडासमोर तोंड येईल असे.

"काय करायचं गं?"

मी बाटलीवरून ओघळणारं पाणी हाताने पुसलं.

"तुझ्या मनात नसंल तर उठू. साडेपाचची गाडी हाय."

"तुमाला काय वाटतं?"

"मला उमजंना. तुझ्या हातावर वाढलाय तो. तू म्हण."

मी म्हणाले, "सोमवारी मी शाळेत जाऊ का?"

तुम्ही बाटलीकडे बघत राहिलात. मग म्हणालात, "जा."

दुसरं काही बोलणं झालं नाही. हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. मी मोठी झाल्यावर यावर पुष्कळ वकिली केली. नऊ वर्षांची पोर, तिला काय कळतं. मला कळत होतं. मी काय विचारते आहे आणि त्याचं उत्तर काय होतं, दोन्ही कळत होतं.

मावशी पाटावर बसली, पदर पसरून. सासूबाईंनी माझ्या हातात त्याला दिलं आणि म्हणायला सांगितलं, "म्हण, आजपासून तुझा." मी म्हणाले. वाकून त्याला तांदळावर ठेवलं तेव्हा त्याने माझी वेणी धरली. मावशीने त्याची बोटं एकेक करून सोडवली. त्याला तो खेळ वाटला. तो हसत होता, पुन्हा पुन्हा वेणीकडे हात करत होता. तुम्ही दाराकडे तोंड करून चपला घालत होता. घातलेली चप्पल तुम्ही काढून पुन्हा घातलीत.

परतीच्या गाडीत पिशवीत भरलेली बाटली होती. मधलीने विचारलं, "आपलं बाळ कुठाय?" तुम्ही म्हणालात, "मावशीकडं." ती म्हणाली, "मंग त्याचं दूध?" वसमतच्या स्टँडवर तुम्ही खाली उतरलात. परत आलात तेव्हा बाटली रिकामी होती. कुठे ओतलीत ते मी विचारलं नाही.

सोमवारी तुम्ही रजा टाकून मला शाळेत सोडायला आलात. वाटेत दुकानात थांबून कंपासपेटी घेऊन दिलीत, पिवळी, झाकणावर पाढे छापलेली. वर्गात कंपासपेटी फक्त माझ्याकडे होती. मी पहिली आले त्या वर्षी. त्यानंतरही येत राहिले. मी आयुष्यात जी कोणी झाले, ती त्या शाळेमुळे झाले. वसाहतीतल्या बायका नळावर तुम्हाला ऐकू जाईल असं बोलायच्या, "बाई गेली अन् यानं लेकरू वाटून टाकलं. जड झालं याला." एकदा तुम्ही बादली खाली ठेवून म्हणालात, "व्हय. मीच दिलं. मीच ठरवलं." मी शेजारी उभी होते. तुम्ही माझ्याकडे बघितलं नाहीत. नंतर ज्याने विचारलं त्याला हेच सांगितलंत, आत्याला, ऑफिसातल्या लोकांना, आजोबांना. इतक्या वेळा की मलाही ते खरं वाटू लागलं. दर दिवाळीत मावशी त्याला घेऊन यायची. तो तुम्हाला काका म्हणायचा. तुम्ही त्याच्यासाठी बिस्किटांचा पुडा आणून ठेवायचात आणि तो हातात न देता त्याच्या शेजारी ठेवायचात.

माझी मोठी धाकटीला घ्यायला धावते. "दे ना मम्मी, मी घेते." मी देत नाही. घटकाभरसुद्धा नाही. तिला वाटतं, पडेल म्हणून. रविवारच्या यादीत मी सगळ्याची सोय केली आहे, फक्त ही पोर बागेत मोकळी पळायला लागली की मी कुठे बघायचं, त्याची नाही.

जेवण झालं की तो विचारेल. लेकरांना बायकोकडे देईल आणि माझ्यासमोर बसेल. मी मनात दोन उत्तरं म्हणून बघितली. एकात मोरी आहे, तुम्ही खाली बसलेले आहात, आणि शाळा आहे. ते म्हणताना तिसऱ्या वाक्यापुढे मला जाता येत नाही. दुसरं एका वाक्याचं आहे. अण्णांनी ठरवलं. मी तेच सांगणार आहे. तुम्ही असता तर तुम्हीही तेच सांगितलं असतं, आणि मी नळापाशी उभी होते तशीच शेजारी उभी राहिले असते. तुम्ही नाही म्हणणार नाही, हे मला माहीत आहे. हा कागद बरोबर नेणार नाही, घरीच राहील.

तुमच्या जावयांना मी सांगितलं की त्याला वाईट वाटू नये म्हणून मी असं सांगणार आहे. ते खरं नाही, अण्णा. त्याने मला ताई म्हणायचं सोडू नये, एवढ्यासाठी.