दाबून बसवलेला थर

अण्णा, आज पुन्हा थर बिघडला. आणि सांगतोय कुणाला, तर तुम्हाला. मी प्रयोगशाळेत नेमकं काय करतो हे तुम्हाला शेवटपर्यंत कळलं नाही. जेसल पार्कच्या आपल्या शिंपीकामाच्या दुकानात शिलाई मशीनवरून मान न उचलता तुम्ही विचारायचात, "जे दिसत नाय ते शिवतोस तरी कसं?" मी चिडायचो.

तर ऐका. खाली सिलिकॉनची चकती, तिच्यात अणू ठरावीक अंतरावर ओळीत बसलेले. वर जर्मेनियम मिसळलेला थर चढवायचा. त्याच्या अणूंना जागा जरा जास्त लागते, तरी पहिल्या ओळी खालच्याच अंतरात मुकाट दबून बसतात. तुम्ही बाहीचा घेर खांद्याच्या मुंढ्यापेक्षा थोडा मोठा कापायचात आणि जास्तीचं कापड बोटांनी दाबत, चुणी न पडू देता जिरवायचात, तसंच. उपमा पुरती बसत नाही, ठाऊक आहे मला. तुमच्याकडे घेर जास्त झाला की चुणी पडते, माझ्याकडे जाडी जास्त झाली की थर बिघडतो. प्रत्येक नव्या ओळीबरोबर ताण साठत जातो आणि एका हद्दीनंतर थर ऐकत नाही. कुठे ओळ तुटते, कुठे उंचवटे येतात.

हे मला कुणी कॉलेजात शिकवलेलं नाही. पुस्तकं वाचून वाचून शिकलोय. आणि आमचा नवा साहेब, माझ्या निम्म्या वयाचा, म्हणतो, "काका, रेसिपी तीच आहे ना? फक्त टाइम वाढवा. क्लायंटला जाड पाहिजे."

"मग जर्मेनियम कमी करा."

"ते फिक्स आहे. तुम्ही बटण दाबा, फिजिक्स आम्ही बघतो."

सगळे हसले.

मला तुमचं दुकान आठवलं. गणपतीच्या तोंडावर एक गिऱ्हाईक अडून बसलंय, त्याच मुंढ्यात बाही आणखी मोठी बसवा म्हणून. तुम्ही कापडाची घडी घालून त्याच्या हातात देताय. "दुसरीकडे टाका. माझ्या हातून चुणी पडायची नाय." घरी आई भाकरी थापता थापता तुम्हाला बोलतेय, "मोठे आलेत मानी! सणाला दारचं गिऱ्हाईक घालवलंत." तुम्ही शांतपणे जेवताय.

तसं नाही म्हणणं मला जमलं नाही. डिग्री नसलेल्या माणसाला या वयात दुसरं यंत्र कोण हाताळू देणार? उद्या सकाळी सांगितलाय तितकाच जाड थर चढवणार आहे, तापमानात तसूभरही चूक न करता. हे पत्र कुठे टाकायचं नाहीच, म्हणून लिहितो: तो बिघडावा, असं मला मनापासून वाटतंय.